स्थानिक वृत्तपत्रातील लपलेले हितसंबंध कसे तपासावेत

सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची बातमी अध्यक्षांच्या छायाचित्रासह पहिल्या पानावर येते आणि त्याच कारखान्याने उसाची बिले थकवल्याची बातमी मात्र आतल्या पानावरही सापडत नाही, असा अनुभव जिल्ह्याची वृत्तपत्रे नियमित वाचणाऱ्या अनेकांना येतो. अशा वेळी ‘पेपर विकला गेला’ असे म्हणून अंक बाजूला ठेवणे सोपे असते, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वृत्तपत्राचा मालक, जाहिरातदार किंवा बातमीदार यांचा त्या कारखान्याशी काय संबंध आहे आणि तो वाचकाला सांगितला गेला आहे का, हे शोधून काढता येते. त्यासाठी लागणारी बहुतेक कागदपत्रे सार्वजनिक आहेत. ती कुठे मिळतात, कशी वाचावीत आणि हाती आलेल्या माहितीवरून किती म्हणावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी एक भेद स्पष्ट असला पाहिजे. संबंध असणे हा दोष नव्हे. ‘सामना’ हे शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच १९८८ मध्ये सुरू झाले आणि ते हाती घेणाऱ्याला आपण कोणाची बाजू वाचत आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे तेथे वाचकाची फसवणूक होत नाही. दोष तेव्हा घडतो, जेव्हा वृत्तपत्र स्वतःला स्वतंत्र म्हणवते, बातमीच्या विषयाशी त्याचे आर्थिक, राजकीय किंवा कौटुंबिक नाते असते आणि ते नाते बातमीत कुठेही नमूद केलेले नसते. म्हणून तपासणीत प्रत्येक वेळी दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत: नाते आहे का, आणि ते सांगितले आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर तक्रारीचे बरेचसे कारण उरत नाही.

प्रिंटलाइनपासून सुरुवात करावी

प्रत्येक वृत्तपत्राच्या अंकात, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे आणि छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण छापलेले असते. या ओळीला वृत्तपत्राच्या कचेरीत प्रिंटलाइन म्हणतात. बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, हेही तेथेच लिहिलेले असते. वाचक ही ओळ सहसा वाचत नाही, परंतु तपासणीची खरी सुरुवात तेथून होते, कारण व्यक्तीच्या नावाने प्रसिद्ध होणारे वृत्तपत्र, खासगी कंपनीचे वृत्तपत्र आणि न्यासाचे वृत्तपत्र यांची कागदपत्रे तीन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

मालकीचा अधिक तपशील जुन्या अंकांत मिळतो. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या केंद्रीय नियमांनुसार दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवसानंतरच्या पहिल्या अंकात मालकीविषयीचे निवेदन छापणे बंधनकारक होते. ‘नमुना ४ (नियम ८ पाहा)’ असा मथळा असलेली ही चौकट मार्चच्या पहिल्या आठवड्यातील अंकांत सापडते. तिच्यात मालकांची आणि एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक हिस्सा असलेल्या भागीदारांची व भागधारकांची नावे व पत्ते असतात. जिल्हा ग्रंथालयात किंवा जुन्या सार्वजनिक वाचनालयात अंकांच्या बांधीव फायली असतात. त्यांतील चार-पाच वर्षांचे मार्चचे अंक काढून ही चौकट एकाखाली एक लिहून घेतली, की मालकी केव्हा आणि कोणाकडून कोणाकडे गेली, हे समोर येते. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा आता २०२३ च्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. नोंदणीचे काम प्रेस महानिबंधकांच्या ‘प्रेस सेवा’ पोर्टलवरून चालते.

मालक कंपनी असेल, तर केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक पाहता येतात आणि अल्प शुल्क भरून वार्षिक विवरणपत्र, म्हणजे भागधारकांची माहितीही मिळवता येते. संचालकाचा ओळख क्रमांक हाती आला, की ती व्यक्ती आणखी कोणत्या कंपन्यांवर आहे हे कळते आणि स्थानिक वृत्तपत्राचा संचालक बांधकाम कंपनीवर, दूध संघाच्या पुरवठादार कंपनीवर किंवा खासगी साखर कारखान्यावर आढळण्याचा संभव बराच असतो. मालक न्यास असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदीत विश्वस्तांची नावे असतात. सहकारी संस्थेच्या बाबतीत तिचा वार्षिक अहवाल पाहावा, कारण संचालक मंडळाची यादी त्यात हमखास असते आणि तो कोणत्याही सभासदाकडे मिळतो. मालक किंवा त्याचा निकटचा नातेवाईक निवडणूक लढला असेल, तर त्याचे नामनिर्देशनासोबतचे शपथपत्र सर्वांत उपयोगी पडते. त्यात उमेदवाराची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, समभाग आणि कर्जे लिहावी लागतात, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते.

येथे एक खबरदारी घ्यावी. आडनाव एक आहे म्हणून नाते गृहीत धरू नये. एका तालुक्यात शेकडो पाटील आणि जाधव असतात. वडिलांचे नाव, पत्ता, संचालक क्रमांक यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय ती व्यक्ती तीच आहे असे लिहू नये.

मालकी कोणत्या तारखेची आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. गोव्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. मुक्तीनंतर तेथे निघालेली प्रमुख वृत्तपत्रे खाण उद्योगातील घराण्यांची होती: १९६२ मध्ये सुरू झालेला ‘गोमन्तक’ चौगुल्यांचा, तर ‘नवहिंद टाइम्स’ आणि ‘नवप्रभा’ डेंपो समूहाचे. ज्या राज्यात लोहखनिज हा अर्थव्यवस्थेचा कणा होता, तेथे खाणींमुळे होणाऱ्या नुकसानीची बातमी वाचताना वृत्तपत्र कोणाचे आहे हे वाचकाला माहीत असणे अगत्याचे होते. पुढे ‘गोमन्तक’ सकाळ समूहाकडे गेला आणि डेंपो समूहाने २००९ मध्ये आपला खाण व्यवसाय सेसा गोवा कंपनीला विकला. त्यामुळे २०१२ मध्ये न्यायमूर्ती शाह आयोगाचा बेकायदा खाणकामावरील अहवाल संसदेत मांडला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले, त्या काळातील बातम्यांना जुन्या मालकीचे निकष लावले तर निष्कर्ष चुकेल. ज्या दिवशीच्या बातमीविषयी बोलायचे, त्या दिवशीचा मालक शोधावा.

बातमीदाराचे उत्पन्न कोठून येते, हे समजून घ्यावे

मालकाच्या हितसंबंधांवर बरेच बोलले जाते. परंतु तालुक्याच्या पातळीवर वाचकावर रोज परिणाम होतो तो बातमीदाराच्या अडचणीचा, आणि त्याकडे मला अधिक गांभीर्याने पाहावेसे वाटते. मराठी वृत्तपत्रांचे बहुसंख्य तालुका प्रतिनिधी पगारी नोकर नाहीत. त्यांना नाममात्र मानधन मिळते, काहींना तेही नाही. उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींवरच्या कमिशनचा असतो आणि अनेक ठिकाणी अंकाची एजन्सीही त्याच घरात असते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वृत्तपत्राचा वर्धापनदिन आणि आमदारांचा वाढदिवस या निमित्तांनी पुरवण्या निघतात. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रतिनिधीला जाहिरातींचे टार्गेट दिले जाते, आणि जाहिरात देणारे असतात सरपंच, नगरसेवक, पतसंस्थेचे अध्यक्ष, शिक्षण संस्थेचे चालक, बांधकाम व्यावसायिक आणि ठेकेदार. ज्याच्या कामाची चौकशी करायची, त्याच्याच दारात महिनाभर आधी जाहिरात मागायला जावे लागते आणि तिचे बिल वसूल करण्यासाठी पुन्हा जावे लागते. ही व्यवस्था त्या प्रतिनिधीने निर्माण केलेली नाही. तिचा फायदा वृत्तपत्राच्या मुख्य कचेरीला होतो, म्हणून प्रश्नही तिलाच विचारला पाहिजे.

तपासणीसाठी गेल्या वर्षभरातील अशा पुरवण्या काढून त्यांतील जाहिरातदारांची यादी करावी. मग त्याच नावांविषयी पुढच्या तीन महिन्यांत आलेल्या बातम्या पाहाव्यात. याखेरीज प्रतिनिधी स्वतः किंवा त्याच्या घरातील कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य, पतसंस्थेचा संचालक, नगरपरिषदेचा ठेकेदार किंवा संस्थेच्या शाळेत नोकरीला आहे का, हे गावात बहुधा सर्वांना माहीत असते. पण ‘सर्वांना माहीत आहे’ ही गोष्ट पुराव्याच्या जागी चालत नाही. ग्रामपंचायत सदस्यांची यादी, संस्थेचा अहवाल किंवा ठेक्याचा कार्यादेश यांपैकी एखादा कागद हाती असावा.

काय छापले नाही, हे मोजावे

लपलेला संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो न आलेल्या बातमीत. कौतुकाची बातमी आली म्हणून काही बिघडत नाही, काम चांगले झाले असेल तर ती यायलाच हवी. पण जी घटना शेजारच्या दोन वृत्तपत्रांनी छापली, जिची नोंद पोलीस ठाण्यात, न्यायालयात किंवा सभागृहाच्या इतिवृत्तात आहे, ती एकाच वृत्तपत्रात वारंवार गायब असेल, तर तिथे कारण शोधावे.

यासाठी एखादी ठरावीक संस्था निवडावी आणि तीन महिन्यांचा काळ घ्यावा. त्या काळात संस्थेशी निगडित ज्या घटना कागदोपत्री घडल्या, त्यांची यादी वृत्तपत्र न पाहता आधी तयार करावी. उदाहरणार्थ, एखाद्या पतसंस्थेच्या बाबतीत सहनिबंधकांनी दिलेली नोटीस, ठेवीदारांचे उपोषण, वार्षिक सभा, नव्या शाखेचे उद्घाटन, संचालकाविरुद्धचा गुन्हा. मग एका वहीत रकाने आखून प्रत्येक घटनेपुढे तीन वृत्तपत्रांच्या नोंदी कराव्यात: बातमी आली का, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, किती कॉलमी, छायाचित्र होते का, दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेतले होते का आणि त्याच अंकात संस्थेची जाहिरात होती का. यादी आधी आणि अंक नंतर, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. अंक चाळत यादी केली, तर न आलेल्या घटना यादीतही येणार नाहीत आणि सारी मेहनत वाया जाईल. शिवाय तालुका आणि जिल्हा आवृत्त्यांची पाने वेगळी असतात, तेव्हा तिन्ही वृत्तपत्रांची एकाच भागाची आवृत्ती घ्यावी.

एखादी बातमी सुटणे स्वाभाविक आहे, कारण त्या दिवशी जागा नसते, प्रतिनिधी रजेवर असतो किंवा मजकूर उशिरा पोहोचतो. म्हणून एका नोंदीवरून काहीही म्हणू नये. उद्घाटनाच्या साऱ्या बातम्या आहेत आणि नोटीस, उपोषण व गुन्हा यांपैकी एकही नाही, असा सातत्याचा कल दिसला, तरच पुढे जावे.

बातमीच्या वेशातील जाहिरात ओळखावी

वाचकाला सर्वाधिक ठकवणारा प्रकार म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकार देशासमोर आला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचा सारखाच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी अंक शेजारी ठेवून दाखवले. चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतील जाहिरातींवर ५,३७९ रुपये दाखवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला आणि आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र वृत्तपत्रांतील अशाच मजकुराचा खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

या दोन निकालांकडे पाहिले, की दिसते ते असे: मजकुराचे साम्य डोळ्यांना लगेच दिसते, पण पैशाचा व्यवहार सिद्ध करणे अतिशय कठीण असते, कारण तो बहुधा रोखीने होतो आणि त्याची पावती नसते. म्हणून वाचकाने आपला भर मजकुरावरच ठेवावा. दोन वृत्तपत्रांत शब्दन् शब्द सारखा मजकूर, बातमीदाराचे नाव नाही किंवा दोन ठिकाणी दोन वेगळी नावे आहेत, प्रतिस्पर्ध्याचा उल्लेखही नाही, अक्षरांचा टाइप किंवा चौकट नेहमीच्या बातमीपेक्षा वेगळी आहे, ‘वाणिज्य प्रतिनिधी’, ‘मार्केटिंग फीचर’ यांसारखे शब्द कोपऱ्यात बारीक आहेत किंवा मुळीच नाहीत, या खुणा टिपून ठेवाव्यात. अर्थात सारखा मजकूर म्हणजे नेहमीच पैसे नव्हेत. आलेली प्रेसनोट जशीच्या तशी लावण्याची सवय अनेक कचेऱ्यांत आहे, आणि ती आळसाची असली तरी तिला विकलेली बातमी म्हणता येत नाही.

गृहप्रकल्पांच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. प्रवर्तकाने, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाने, केलेल्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असणे कायद्याने आवश्यक आहे आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. एखाद्या प्रकल्पाच्या दरांपासून दूरध्वनी क्रमांकापर्यंत सारे देणारा अर्ध्या पानाचा ‘लेख’ येतो आणि त्यात नोंदणी क्रमांक नसतो, तेव्हा तो जाहिरात आहे की बातमी, असे वृत्तपत्राला लेखी विचारावे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर प्रवर्तक आणि भागीदारांची नावे असतात, ती आधी काढलेल्या मालकांच्या यादीशी ताडून पाहावीत. मोठ्या वृत्तपत्र समूहांनी जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीने २०१० मध्ये अशा कंपनीविषयीच्या बातमीत तो हिस्सा उघड करण्याचा दंडक घातला. स्थानिक वृत्तपत्र जाहिरातीच्या बदल्यात सदनिका किंवा गाळा घेते, तेव्हा तत्त्व तेच लागू होते.

सरकारी जाहिरातींचा हिशेब मागावा

लहान वृत्तपत्रांचा मोठा आधार म्हणजे निविदा, जाहीर सूचना आणि अभिनंदनपर सरकारी जाहिराती. त्या मिळण्या-न मिळण्यावर नगरपरिषदेविषयीच्या बातम्यांचा सूर बदलतो का, हे पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा उपयोग होतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. मजकूर असा ठेवावा: ‘दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात नगरपरिषदेने वृत्तपत्रांना दिलेल्या जाहिरातींची यादी मिळावी. यादीत वृत्तपत्राचे नाव, जाहिरातीचा विषय, प्रसिद्धीची तारीख, आकार, दर व अदा केलेली रक्कम असावी. सोबत संबंधित देयकांच्या प्रती मिळाव्यात.’ ‘का दिल्या’ असे विचारू नये, कारण कायद्याने नोंदीतली माहिती मिळते, कारणमीमांसा मिळत नाही.

लिहिताना दोन तथ्ये वेगळी ठेवावीत

तपासणीतून आलेली माहिती प्रसिद्ध करायची असेल, तर प्रत्येक वाक्य कागदावर टेकलेले असावे. ‘संपादकांनी पैसे खाऊन बातमी दाबली’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहिले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते अन्यायकारक असू शकते. त्याऐवजी असे लिहावे: ‘संस्थेच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार या वृत्तपत्राचे प्रकाशक तिचे संचालक आहेत. सहनिबंधकांच्या नोटिशीची बातमी शेजारच्या दोन दैनिकांत आली. या वृत्तपत्राच्या त्या आठवड्यातील अंकांत ती आढळली नाही. प्रकाशकांच्या संचालकपदाचा उल्लेख संस्थेविषयीच्या कोणत्याही बातमीत नाही.’ निष्कर्ष वाचक काढेल. प्रसिद्धीपूर्वी संपादकांना लेखी प्रश्न पाठवून किमान आठवडाभर मुदत द्यावी आणि आलेले उत्तर काटछाट न करता द्यावे. लिहिणाऱ्याचा स्वतःचा संबंध असेल, म्हणजे तो त्या संस्थेचा ठेवीदार, माजी कर्मचारी किंवा विरोधी पॅनेलचा उमेदवार असेल, तर तेही पहिल्याच परिच्छेदात सांगावे.

वृत्तपत्रात काम करणाऱ्यांसाठी उपाय याहून सोपा आहे. ज्या विषयात स्वतःचा संबंध आहे, ती बातमी दुसऱ्याकडे द्यावी. ते शक्य नसेल, आणि एकच प्रतिनिधी असलेल्या तालुक्यात ते बहुधा शक्य नसते, तर बातमीखाली एक ओळ छापावी: ‘प्रस्तुत प्रतिनिधी या संस्थेचे सभासद आहेत’, ‘या वृत्तपत्राचे प्रकाशक संबंधित प्रकल्पात भागीदार आहेत’, ‘हा मजकूर जाहिरातदाराने पुरवला आहे’. ही ओळ बातमीच्याच टाइपात आणि बातमीला लागूनच हवी. वर्षातून एकदा मालकीचे निवेदन छापले म्हणून रोजच्या बातमीतील खुलाशाची गरज संपत नाही.

तक्रार कोठे करावी

पहिले पत्र नेहमी संपादकांना, नोंदणीकृत टपालाने पाठवावे. निवडणुकीच्या काळात मजकूर पैसे देऊन छापल्याचा संशय असेल, तर जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे कात्रणासह लगेच अर्ज द्यावा, कारण तिच्या शिफारशीवरून निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतात व तो खर्च त्याच्या हिशेबात धरला जाऊ शकतो आणि मतदान झाल्यावर या अर्जाचा उपयोग फार कमी उरतो. इतर वेळी भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येते. १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था छापलेल्या आणि न छापलेल्या, दोन्ही प्रकारच्या मजकुराविषयी तक्रार ऐकते. ती ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, नापसंती नोंदवू शकते, पण दंड करू शकत नाही. दैनिक व साप्ताहिकाविरुद्ध प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, अन्य नियतकालिकांविरुद्ध चार महिन्यांच्या आत तक्रार पोहोचावी लागते. सोबत संपादकांना पाठवलेल्या पत्राची व उत्तराची प्रत, मूळ कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि या विषयावर न्यायालयात प्रकरण प्रलंबित नसल्याचे प्रतिज्ञापन जोडावे लागते. मुदत प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजली जाते, संपादकांच्या उत्तरापासून नव्हे. म्हणून पहिले पत्र त्याच आठवड्यात टाकावे, त्याची पोच जपून ठेवावी आणि ज्या अंकाविषयी तक्रार आहे त्याच्या, तारीख व पान क्रमांक दिसेल अशा, पूर्ण पानाच्या दोन प्रती आधीच बाजूला काढून ठेवाव्यात.